वीतभर तार

कचेरीत तिला सगळे 'वीतभर' म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागेही म्हणत, आणि ती दोन्हीकडे ओ देई. टेलिफोनच्या तारा जोडणारी एकूण सोळा माणसं, त्यांत बाई ही एकटी, तेव्हा काही ना काही नाव पडणारच होतं. हे पडलं तिच्या एका खोडीमुळे. कुठेही तार जोडली की जोडाजवळ ती वीतभर तार जास्तीची सोडायची, तिचं लहानसं वेटोळं करून खिळ्याला अडकवायची आणि मगच शिडीवरून खाली उतरायची. साहेब याला उधळपट्टी म्हणायचे. बरोबरचे म्हणायचे, बाई तारेलाही बाळसं आणते. ती म्हणायची, "उद्या इथे कोणी दुरुस्तीला येईल, त्याने काय नखाने तार ओढायची?"

हे तिला वस्तादाने शिकवलं होतं. वस्ताद म्हणजे तिच्या उमेदवारीच्या वर्षांतला म्हातारा जोडारी. कोणी तरी कधी तरी एक जोड अगदी टोकाला कापून ठेवला होता, आणि त्या वीतभर तारेपायी वस्तादाला भर उन्हात अर्धा रस्ता खणावा लागला होता. तेव्हापासून तो शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी एकच वाक्य ऐकवायचा: जोड आपला असतो, वीत पुढच्याची असते. वस्ताद गेला, बाकीचे ते वाक्य विसरले, हिच्या मात्र ते हाडीमाशी खिळलं. पुढच्याच्या वितीला हात लावायचा नाही, हा तिचा धर्म झाला. आणि धर्म म्हटला की माणूस डोकं वापरायचं थांबवतो, तसं तिचंही पुढे झालं. ते ओघाने येईलच.

तिला आई आठवत नव्हती. आठवत होती ती आत्या. आई हिच्या जन्माच्या वेळीच गेली. त्या बाळंतपणाला जी बाई बोलावली होती ती वेळेवर पोचलीच नाही, आणि शेजारच्या खोलीत बसलेल्या आत्याला काही येत नव्हतं. त्याचा राग आत्याने जन्मभर काढला. ती सुईणकाम शिकली, परीक्षा देऊन रीतसर परवाना मिळवला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहून चाळीस वर्षं दुसऱ्यांची बाळंतपणं केली. फोन घेतला तोही त्याच रागाने. निरोप्या वाटेत कुठे रेंगाळला म्हणून कोणी मरता कामा नये, असं तिचं म्हणणं होतं.

त्या फोनचा नंबर आसपासच्या घराघरांत होता. कुणाच्या फडताळाच्या दाराला आतून चिकटवलेला, कुणाच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेला. पहिलटकरणीला सातवा लागला की सासू तिच्याकडून तो नंबर पाठ करून घ्यायची. आत्या आता अडुसष्ट वर्षांची होती, गुडघे कुरकुरत होते, पण फोन वाजला की तिसऱ्या घंटेच्या आत उचलायची.

घरमालकाला नेमकी ही वर्दळ खुपत होती. वेळीअवेळी जिन्यावर पावलं, दारात धापा टाकणारे नवरे. शिवाय त्याला ती खोली आपल्या मेव्हण्यासाठी हवी होती. भाडेकरू जात नाही म्हटल्यावर त्याने जिना रंगवायला काढला. रंगाऱ्यांनी भिंत खरवडली आणि तळमजल्याच्या पेटीपासून आत्याच्या दारापर्यंत गेलेली टेलिफोनची तार मुळापासून उपटून भंगारात दिली. "रंगाच्या आड येत होती," घरमालक म्हणाला. "आता नव्या भिंतीवर तारबीर नको."

वीतभर दुसऱ्याच दिवशी साहेबांपुढे उभी राहिली. साहेब म्हणजे नियमांच्या जाड पुस्तकाला चष्मा लावलेला माणूस. वाईट नव्हते, पण पुस्तकाबाहेर त्यांना काही दिसत नसे.

"अख्खी तार गेली म्हणजे नवी तार टाकावी लागणार," साहेब म्हणाले. "नवी तार म्हणजे नवी जोडणी. नव्या जोडणीला घरमालकाची सही लागते."

"त्यानेच कापलीय, साहेब. तो कशाला सही देईल?"

"ते तुमचं तुम्ही बघा. आणि एक लक्षात ठेवा. तीस दिवस फोन बंद राहिला की नंबर खात्याकडे परत येतो. मग तो दुसऱ्याला जातो."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. नंबर गेला म्हणजे आत्याची चाळीस वर्षं गेली. नवा नंबर काय, कुणालाही मिळतो. पण कळा सुरू झालेल्या बाईने तो कुठून शोधायचा? ती फडताळाच्या दारावरचाच नंबर फिरवणार, आणि पलीकडून कुणी तरी अनोळखी माणूस 'राँग नंबर' म्हणून फोन ठेवणार.

चार दिवस तिने घरमालकाचे उंबरे झिजवले. तो गोड बोलायचा, पाणी विचारायचा आणि सही द्यायचा नाही. आत्याला या विनवण्या मुळीच पटत नव्हत्या.

"त्याच्या हातापाया कशाला पडतेस?" ती म्हणाली. "त्याला मीच बाहेर काढलाय. पायाळू होता. तेव्हापासून प्रत्येक गोष्ट उलटीकडूनच करतो. जा, तुमच्या त्या पुस्तकात काही सापडतंय का ते बघ."

फोन बंद पडल्याच्या सहाव्या दिवशी साहेब जेवायला गेले तेव्हा वीतभरने ते पुस्तक त्यांच्याच टेबलावर उघडलं. अर्धा तास पानं उलटली. मग एका पानावर तिचं बोट थांबलं. चालू नंबरच्या तारेची दुरुस्ती करताना एका तक्रारीमागे एक मीटरपर्यंत तार घालता येईल. यासाठी घरमालकाच्या संमतीची आवश्यकता नाही. खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती: एका नंबरावर दिवसाला एकच तक्रार नोंदवली जाईल.

तिने बोटांवर हिशोब केला. पेटीपासून आत्याच्या उंबऱ्यापर्यंत जिन्याच्या भिंतीने चोवीस मीटर. हे तिने आधीच टेपने मोजलं होतं. तीस दिवसांतले पाच गेले, उरले पंचवीस. पंचवीस तक्रारी, पंचवीस मीटर. वर एक मीटर शिल्लक.

साहेब जेवून आले तर ती हसत बसलेली.

"काय झालं?"

"तक्रार नोंदवायचीय साहेब. आमच्या आत्याचा फोन तिच्या घरात पोचत नाही."

साहेबांनी ते पान वाचलं, परत वाचलं, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं. "याचा असा अर्थ कोणी लावला नव्हता," ते म्हणाले.

"पण लागतो ना?"

"लागतो," साहेब दुःखाने म्हणाले.

त्याच दुपारी तिने पहिला तुकडा जोडला. काम तसं दिसायला क्षुल्लक. तारेच्या पोटात दोन बारीक तारा, एक लाल, एक पांढरी. नखाएवढा कनेक्टर, त्याच्या आत चिकट वंगण भरलेलं. जुनी लाल आणि नवी लाल, दोन्ही टोकं आवरण न सोलता तशीच आत सारायची, पार तळाला टेकली का ते पारदर्शक टोपीतून बघायचं, मग पक्कडीने टोपी दाबायची. वंगण बाहेर डोकावलं की समजायचं, जोड बसला. तसंच पांढरीचं. नवखी माणसं घाईने आवरण सोलतात आणि वर्षभरात तार गंजवतात. तिचे जोड तिच्याहून जास्त जगतील असे असत. दोन्ही कनेक्टर बसवल्यावर तिने सवयीने वीतभर तारेचं वेटोळं केलं, खिळ्याला अडकवलं आणि टोकाला भिंतीवरची डबी लावून आत्याचा काळा फोन जोडला. कानाला लावला. आत घूं असा सूर चालू होता.

"आत्या, ये खाली," तिने जिन्यातून हाक मारली. "तुझा फोन लागलाय."

आत्या एका हातात स्टूल आणि दुसऱ्या हातात कठडा धरून तीन मजले उतरली. तिसऱ्या पायरीवर स्टूल मांडलं, फोन मांडीवर घेतला आणि रस्त्याच्या दाराकडे तोंड करून राणीसारखी बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तिथूनच तक्रारीच्या खिडकीला फोन लावला.

"माझा फोन माझ्या घरात पोचत नाही."

"आता कुठून बोलताय, बाई?" पलीकडच्या कारकुनाने विचारलं.

"तिसऱ्या पायरीवरून."

अशी ती रोज तक्रार करी, रोज वीतभर येई, एक मीटर तार जोडी, आणि आत्या दोन-तीन पायऱ्या वर सरके. आठवड्याभरात गल्लीला चटक लागली. येणारेजाणारे दारातून डोकावून विचारत, "आज कितवी पायरी?" पहिल्या मजल्यावरच्या शिंप्याने स्टुलावर उशी शिवून दिली. दोन बाळंतपणांचे निरोप आत्याने जिन्यातच घेतले, स्टूल तसंच सोडून पिशवी घेऊन गेली आणि आल्यावर परत त्याच पायरीवर बसली. कारकुनाला तिचं वाक्य इतकं पाठ झालं की तो फोन उचलून नुसतं विचारायचा, "लिहू?"

कामाच्या नवव्या दिवशी घरमालक जिन्यात आडवा आला. नव्या गुलाबी भिंतीवर जागोजागी वेटोळी लटकत होती, आणि त्याच्या डोळ्यांत ती चांगलीच सलत होती.

"ही दुरुस्ती आहे की कारस्थान?" त्याने विचारलं.

"दुरुस्ती," वीतभर पक्कड न थांबवता म्हणाली. "रोजची पावती आहे. बघायचीय?"

"जिना बसायला नसतो."

"फोन घरात पोचला की उठेल ती. तुमची घाई आम्ही समजू शकतो."

"अशी तुकड्यातुकड्यांची तार माझ्या भिंतीवर मला नको."

"अख्खी होती ती तुम्ही विकलीत," ती म्हणाली. मग ती वळली आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघितलं. "हे बघा, मला रागावून बोलता येत नाही, हाताने काम करता येतं. तुम्ही सही दिली असती तर मी एका दुपारी मोकळी झाले असते. आता रोज येणार. तुम्हाला रोज दिसणार."

घरमालक तडक साहेबांकडे गेला. साहेब टेप घेऊन आले आणि एकेका जोडापासून पुढच्या जोडापर्यंत तार मोजत जिना चढले. एकही तुकडा मीटरभरापेक्षा केसभरही मोठा नव्हता. साहेब निराश झाले की खूश झाले ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

"नियमात आहे," ते घरमालकाला म्हणाले. मग हिच्याकडे वळले. "पण नियम तुम्हालाही आहेत. तिसाव्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत मी येईन. डबी भाडेकरूच्या उंबऱ्याच्या आत हवी आणि फोन चालू हवा. जिन्यातला फोन हा घरातला फोन नव्हे. नसेल तर नंबर परत. आणि तुकडा मीटरचाच. शेवटचासुद्धा."

"हो साहेब," ती म्हणाली. तिला काय, तिचा हिशोब पक्का होता.

हिशोबात पहिली माशी आत्याला दिसली. विसाव्या दिवसाच्या आसपास ती म्हणाली, "पोरी, जिन्याला एकूण पायऱ्या साठ. दोन दिवसांत मी पाच चढायला हव्यात. मी चारच चढते."

"तुझे गुडघे दुखतात म्हणून तुला तसं वाटतं."

"गुडघे दुखतात, मोजता येतं मला."

"पावत्या मोज आत्या. एक पावती, एक मीटर. पावती खोटं बोलत नाही."

पावती खोटं बोलत नव्हती. पण सत्ताविसाव्या दिवशी बाविसावा तुकडा जोडून वीतभर उभी राहिली आणि तिने वर बघितलं. तार शेवटच्या जिन्याच्या तळाशीच रेंगाळत होती. दार अजून सहासात मीटर लांब होतं, आणि हातात तुकडे उरले होते तीन. ती धप्पकन पायरीवर बसली. सगळी तार डोळ्यांनी खालपर्यंत परत एकदा बघितली, आणि मग तिला दिसलं. प्रत्येक जोडाशी एक वेटोळं. प्रत्येक वेटोळ्यात एक वीत. मीटरातली वीत रोज भिंतीला लटकत होती, पुढे जात नव्हती.

तीस वर्षं तिने भेंडोळ्यातून तार ओढली होती. भेंडोळ्याला वीत कधी जड होत नाही, आणखी थोडं ओढलं की झालं. मोजून दिलेली तार तिच्या हाताला कधी लागलीच नव्हती. दुसऱ्या कुठल्याही जोडाऱ्याने ही चूक केली नसती. जिला सगळे हसत, जिचा तिला मनातून अभिमान होता, तीच खोड नेमकी गळ्यात आली होती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दिवशी ती आत्याशी न बोलताच गेली.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली. चार-पाच तुकडे जास्त द्या, चार-पाच दिवस जास्त द्या, काहीही द्या. साहेबांनी पुस्तकाकडे बोट केलं. घरमालकाला हे कसं कळलं कोण जाणे, पण त्या दिवसापासून तो जिन्यात भेटला की हसू लागला.

तिसाव्या दिवशी बाराच्या सुमारास तिने पंचविसावा तुकडा जोडला, तोही धर्माप्रमाणे वीत सोडूनच. डबी आली दारापासून चार मीटर अलीकडे, बारा पायऱ्या खाली. आत्या आपल्या उशीवर फोन मांडीत घेऊन बसली होती. वीतभर तिच्या पायाशी बसली.

"गेला आत्या तुझा नंबर," ती म्हणाली. "माझ्या मूर्खपणाने गेला."

आत्याने भिंतीकडे बघितलं. "ही जी वेटोळी लटकतायत त्यांत किती तार आहे?"

"ती नाही धरायची."

"किती आहे?"

"पाच मीटर असेल. पण ती आपली नाही. वीत पुढच्याची असते. उद्या कोणी दुरुस्तीला आलं तर…"

"काखेत कळसा," आत्या म्हणाली. "अगं, हा पुढचा म्हणजे कोण? त्याला शेपूट असतं का?"

"कोणी का असेना. वस्ताद म्हणायचा…"

"वस्ताद म्हणायचा, दुरुस्तीला जो येईल त्याच्या हाताला तार लागावी. बरोबर? मग आज दुरुस्तीला कोण आलंय? ज्याला वीतभर तार पाहिजे आणि मिळत नाहीये असं माणूस या जिन्यात दुसरं कोण आहे?"

वीतभरने वेटोळ्यांकडे बघितलं. तीस वर्षं तिने त्या पुढच्या माणसाची कल्पना केली होती. तो तिला नेहमी उंच, घामेजलेला, अनोळखी पुरुष दिसायचा, शिडीवर चढून वेटोळं बघणारा आणि मनात बरं म्हणणारा. तो कधी पन्नाशीला टेकलेली, पायरीवर बसून नाक पुसणारी बाई असेल, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिला एकदम रडू आलं आणि त्याच रडण्यात राग आला, घरमालकाचा, साहेबांचा आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. राग आल्यावर ती उठली.

"तू वरून धर," ती म्हणाली. "मी खालून सोडते."

खाली जाऊन ती पेटीपाशी उभी राहिली. पहिलं वेटोळं तिने तसंच ठेवलं. ते वस्तादाचं. दुसऱ्यापासून सुरुवात केली. वेटोळं खिळ्यावरून काढायचं, वरची तार भिंतीच्या खिळ्यांतून मोकळी करायची, वीतभर वर सरकवायची, परत बसवायची. मग पुढचं वेटोळं. तिथे आता दोन विती सरकवायच्या. मग तीन. जसजशी वर येत गेली तसतशी तार जड होत गेली, जोड खिळ्यांत अडकू लागले. एका वळणावर ती वैतागून हिसका द्यायला गेली.

"ओढू नकोस," वरून आत्या म्हणाली. "ओढून काही होत नसतं. वाट कर, ती आपसूक येते. सगळं आयुष्य हेच सांगण्यात गेलं माझं."

वीतभरने हात सैल केला, अडकलेला जोड बोटाने उचलून खिळ्यावरून पार केला, आणि तार सरकली. अडीच वाजले, साडेतीन वाजले. पहिल्या मजल्यावरचा शिंपी कात्री ठेवून मदतीला आला, त्याला तिने फक्त तार हातावर तोलून धरायला लावलं. चोवीस वेटोळी सुटली. सव्वाचारला डबी उंबरा ओलांडून हातभर आत गेली आणि तिने ती आत्याच्या भिंतीवर दोन स्क्रूंनी घट्ट बसवली. तार जिनाभर ताठ झाली होती. कुठे कणभर ढिलाई नव्हती. आत्याने फोन आपल्या जुन्या तिवईवर ठेवला, कानाला लावला आणि मग वीतभरच्या कानाला लावला. घूं.

साडेचारला साहेब आले. घरमालकाने त्यांना तळमजल्यावर आपल्याच खोलीत बसवलं. "वर चढायचे कष्ट कशाला? माझ्याच फोनवरून लावून बघा. मला तर काही वाजल्याचं ऐकू आलं नाही."

वीतभर दारात येऊन उभी राहिली. साहेबांनी नंबर फिरवला, ऐकलं, ठेवला. परत फिरवला. तिसऱ्यांदा फिरवला. घड्याळात पाचला वीस मिनिटं होती.

"वाजतच नाही ना?" घरमालक म्हणाला. त्याच्या आवाजात खुशी मावत नव्हती. "लिहून टाका मग."

"टुंटुं येतंय," साहेब म्हणाले.

"म्हणजे बंदच."

"साहेब," वीतभर म्हणाली. तिचा आवाज जिन्यापर्यंत गेला. "मेलेला फोन एंगेज लागत नाही."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, हातातल्या फोनकडे बघितलं, मग उठून साठ पायऱ्या चढले. मागून घरमालक, त्याच्या मागून ती. आत्याच्या खोलीत आत्या तिवईशी उभी होती, फोन खांद्याने कानाशी दाबलेला, आणि दोन्ही हातांनी पिशवीत कात्री आणि कापड भरत होती. साहेब काही विचारणार तोच तिने तळहात दाखवून त्यांना गप्प केलं.

"किती मिनिटांनी येतायत कळा?" ती फोनमध्ये विचारत होती. "पाच? मग वेळ आहे. घाबरू नकोस. पाणी तापत ठेवा म्हणावं. निघालेच मी." तिने फोन ठेवला, पिशवी उचलली. "बाजूला व्हा," ती घरमालकाला म्हणाली, आणि तो झाला.

साहेब वाकले. उंबऱ्यापासून डबीपर्यंत टेप लावला. ऐंशी सेंटिमीटर, आतल्या बाजूला. मग नोंदवही काढून त्यांनी पेनाने 'चालू' असं लिहिलं, खाली सही केली आणि वेळ टाकली. जाताना जिन्यात ते एका ताठ जोडाशी थांबले, बोटाने तार वाजवून बघितली.

"फार ताणलीय," ते पुटपुटले. "ताण हा दोष आहे."

"माहितीय साहेब," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तक्रारीच्या खिडकीवर फोन वाजला.

"लिहू?" कारकून म्हणाला.

"लिही," आत्या म्हणाली. "माझी तार ताणलेली आहे."

दुपारी वीतभर शिडी घेऊन आली. जिन्याच्या मध्यावर तिने ताठ तार कापली, मीटरभर तुकडा घातला, चार कनेक्टर दाबले आणि मोकळ्या झालेल्या तारेची वेटोळी जोडाजोडाशी करायला लागली. घरमालक आपल्या दारात उभा होता. आज तो हसत नव्हता.

"फोन घरात पोचला ना तुमचा?" तो म्हणाला. "चालूही झाला. मग हे लटकणं परत कशाला?"

तिने वेटोळं खिळ्याला अडकवलं, सरळ केलं.

"तुम्ही परत कापाल ना," ती म्हणाली, "तेव्हा माझ्या हाताला वीतभर लागावी म्हणून."

आणि शिडी उचलून ती पुढच्या जोडाकडे गेली. सगळी वेटोळी परत भरायला अजून चार दिवसांची तार बाकी होती.